मदत हवी आहे: एका सर्फॅक्टंटनं (कमी दिवसांच्या बाळाच्या फुप्फुसात घालायचं औषध) टीएनएफ (सूज वाढवणारं प्रथिन) उतरतंय, दुसऱ्यानं का नाही?

खानापूरवाला: टीएचपी-1 या लॅबमध्ये वाढवलेल्या माणसाच्या रक्तपेशींचे मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) केलेत. पेशी चेतवायला एलपीएस (जिवाणूंच्या कवचातलं विष) अन् सर्फॅक्टंट एकदमच घालतोय. पोरॅक्टंट या सर्फॅक्टंटनं टीएनएफ निम्म्याखाली, बेरॅक्टंट या दुसऱ्यानं जेमतेम फरक. दोन्ही सारखंच घातलंय. उद्या सरांना ग्राफ दाखवायचाय, लवकर सांगा.

निपाणी_पिपेट: सारखं म्हणजे किती?

खानापूरवाला: 1 मिलीत 10 मायक्रोलिटर की.

निपाणी_पिपेट: मग सारखं कुठलं? पोरॅक्टंट 80 मिग्रॅ/मिली, बेरॅक्टंट 25. एका वेलमध्ये (प्लेटच्या खळग्यात) 800 मायक्रोग्रॅम फॉस्फोलिपिड (सर्फॅक्टंटमधलं मुख्य लिपिड, म्हणजे चरबी) पडलंय, दुसऱ्यात 250. दोन्हीत 500 हवं तर 6.25 आणि 20 मायक्रोलिटर घ्या, कमी पडेल तिथं सलाईननं 20 करा. कंट्रोललाही (सर्फॅक्टंट नसलेल्या वेललाही) 20 सलाईन. बाटली हळू उलटीसुलटी करा, कुंद्याच्या दुधासारखी घोटू नका, फेस आला की पिपेट खोटं मोजतंय.

टिळकवाडी_एनआयसीयू: पोरॅक्टंटचा पहिला डोस 200 मिग्रॅ/किलो, म्हणजे 2.5 मिली/किलो. पुढचा निम्मा.

खानापूरवाला: डॉक्टर, बाळ नाही हो, प्लेट आहे!

चिकोडीकर: एसपी-ए या फुप्फुसातल्या प्रथिनाचा खेळ आहे हा. पोरॅक्टंटमध्ये जास्त असणार.

निपाणी_पिपेट: दोन्हीत एसपी-ए नाही, एसपी-डी पण नाही. सॉल्व्हंटनं लिपिड काढताना ती प्रथिनं मागंच राहतात. उरतात एसपी-बी आणि एसपी-सी.

चिकोडीकर: बरं, मग मिडियममधलं (पेशी वाढवायच्या द्रवातलं) सीरम काढून बघा. सगळा घोळ त्यातच असतोय.

हिंडलगा_एलायझा: काढू नका! एलपीएस पेशीवरच्या सीडी14 रिसेप्टरकडं पोचवणारं एलबीपी प्रथिन सीरममध्येच असतंय. कंट्रोलचंच टीएनएफ पडेल. घोळ त्या 'एकदम'मध्ये आहे. सर्फॅक्टंटमधलं लिपिड एलपीएसला धरून बसलं का पेशीच शांत झाली, हे असं कळणारच नाही. आधी सर्फॅक्टंट 2 तास, कोमट मिडियमनं दोनदा धुवा, मग एलपीएस. थोडं चिकटून राहतंयच, पण फरक कळतोय. शिवाय सर्फॅक्टंट असलेल्या मिडियममध्ये ठराविक टीएनएफ मिसळून एलायझा (टीएनएफ मोजायची चाचणी) लावा. तेवढंच परत मिळालं नाही तर लिपिड एलायझातच आडवं येतंय. पेशी मेल्यात का, तेही एलडीएचनं (फुटलेल्या पेशीतून गळणारं एन्झाइम) बघून घ्या.

खानापूरवाला: धुताना पेशी सुटल्या तर?

हिंडलगा_एलायझा: पीएमए (टीएचपी-1 चे मॅक्रोफेज करायचं रसायन) काढल्यावर किती तास साध्या मिडियममध्ये ठेवल्या?

खानापूरवाला: ठेवल्याच नाहीत. लगेच एलपीएस.

हिंडलगा_एलायझा: अरे देवा. पीएमएनंच टीएनएफ चढलेलं असू शकतंय. मग एलपीएस न घातलेल्या वेलचं टीएनएफ आधी टाका इथं.