‘मेल्ट’, ‘क्रीमी’, ‘टॉस’ : सँडविचचा पास्ता करताना अडलेली क्रियापदे

चीजस्टेक या सँडविचच्या चवीचा, कामाचा दिवस संपल्यावर अर्ध्या-पाऊण तासात होईल असा दाटसर पास्ता, ही पाककृती मी मराठीत लिहून काढते आहे आणि काही शब्दांपाशी माझे घोडे अडले आहे. चीजस्टेक हे अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराचे सँडविच. १९३० च्या दशकात पॅट आणि हॅरी ऑलिव्हिएरी या भावांनी ते सुरू केले, असे मानले जाते. लांबट पावात तव्यावर परतलेले गोमांसाचे अगदी पातळ काप, बहुधा कांदा आणि त्यावर पाघळलेले चीज, एवढाच त्याचा ऐवज. त्या शहरात मागणी सांगताना गिऱ्हाईक चीजचे नाव घेते आणि पुढे नुसते ‘विट’ म्हणते. ‘विट’ म्हणजे कांद्यासह. ज्या पदार्थाभोवती इतकी नेमकी बोली घडली आहे, त्याची कृती मराठीत उतरवताना ‘चीज मेल्ट करा, सॉस क्रीमी होईपर्यंत रिड्यूस करा, त्यात पास्ता टॉस करा’ अशी वाक्ये माझ्या हातून लिहिली जाऊ लागली, तेव्हा मी लिहिणे थांबवले.

नामांविषयी माझी तक्रार नाही. ‘सँडविच’ हा शब्द मुळात एका इंग्रज उमरावाच्या किताबावरून आला आणि १७६२ मध्ये एडवर्ड गिबन या इंग्रज इतिहासकाराच्या रोजनिशीत तो खाद्यपदार्थाच्या अर्थाने लिहिलेला सापडतो. इंग्रजीतही त्याने पदार्थाचे वर्णन होत नाही, तेव्हा मराठीने त्याला प्रतिशब्द शोधत बसण्यात अर्थ नाही. ‘पेने’ हा नळीच्या आकाराचा पास्ता, आणि इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ पिसांची लेखणी. नळीची टोके तिरपी कापलेली असतात म्हणून हे नाव पडले. असे नाव आहे तसे घ्यावे आणि विभक्तिप्रत्यय मात्र आपल्या पद्धतीने लावावेत. ‘रस्ता’ शब्दाचे ‘रस्त्यात’ होते, तसे ‘पास्ता’ शब्दाचे ‘पास्त्यात’ व्हावे. ‘पास्तामध्ये’ हे रूप मला पाहुण्याला दारातच उभे ठेवल्यासारखे वाटते.

अडचण क्रियापदांची आहे, आणि पहिली अडचण ‘मेल्ट’ची. मराठी पाककृतींत ‘चीज विरघळू द्या’ असे सर्रास लिहिलेले दिसते. मीठ पाण्यात विरघळते, साखर दुधात विरघळते. तिथे एक पदार्थ दुसऱ्यात दिसेनासा होतो. लोणी उष्णतेने वितळते. त्याला दुसऱ्या पदार्थाची गरज नसते. तिसरे क्रियापद आहे ‘पाघळणे’, म्हणजे उष्णतेने सैल पडून आपल्याच भाराने ओघळू लागणे. पावाच्या कडेवरून चीज खाली उतरते ते पाघळते, आणि सँडविचमध्ये आपल्याला नेमके तेच हवे असते. पास्त्यात मात्र ते नुसते पाघळले तर पातेल्याच्या तळाशी चिकट गोळा होऊन बसते. म्हणून एकाच इंग्रजी शब्दासाठी सँडविचपुरते ‘पाघळणे’ आणि सॉसपुरते ‘वितळणे’ अशी दोन क्रियापदे ठेवावीत असे मला वाटते. हे बरोबर आहे का? आणि ‘क्रीमी’ला काय म्हणावे?

प्रतिसाद १

‘विरघळणे’ आणि ‘वितळणे’ यांतील भेद आपण योग्य सांगितला आहे. ‘क्रीमी’साठी ‘मलईदार’ हा रुळलेला शब्द आहे, तो वापरावा. वाचकाला तो चटकन कळतो आणि ऐकायलाही गोड आहे. शीर्षकाविषयी एक शंका आहे. ‘सँडविचचा पास्ता’ असे म्हटले तर पाव शिजवून त्याचा पास्ता केला असा अर्थ निघेल. ‘कापडाचा सदरा शिवला’ म्हटल्यावर कापड सदऱ्यात खर्ची पडते. इथे सँडविच कुठे खर्ची पडते आहे?

मूळ लेखिकेचे उत्तर

शीर्षकाची शंका रास्त आहे, पण माझ्या मनात दागिना मोडून दुसरा घडवण्याची क्रिया होती. सोने तेच राहते, घडण बदलते. इथे मांसाचे काप, कांदा आणि चीज तेच राहते. पावाचे काम पास्ता करतो. ‘रूपांतर’ हा शब्द त्या मानाने फार कोरडा आहे. आपल्याला ‘सँडविच मोडून केलेला पास्ता’ अधिक पटत असेल तर तसे लिहिता येईल. ‘मोडून’ या एका शब्दात जुने सुटे करणे आणि नवे घडवणे ही दोन्ही कामे येतात.

‘मलईदार’विषयी मात्र माझे मत वेगळे आहे आणि ते थोडे विस्ताराने मांडते, कारण माझ्या मते या चर्चेचा गाभा तिथे आहे. ‘मलईदार’ म्हटले की वाचकाला वाटते, यात मलई घालायची आहे. या पास्त्यात मलईचा थेंबही नाही. ३० ग्रॅम लोण्यात ३० ग्रॅम मैदा मंद आचेवर परतून त्यात अर्धा लिटर दूध थोडे थोडे घालायचे, ते आळले की आच बंद करून किसलेले चीज मिसळायचे आणि शेवटी पास्ता शिजवलेले पाणी डावाने घालत सारखे करायचे. त्या पाण्यात पास्त्याचा स्टार्च उतरलेला असतो. चीजमधली चरबी आणि पाणी यांना एकमेकांपासून सुटे होऊ न देण्याचे काम तो करतो. डाव उचलला की त्याच्या पाठीवर सॉसचा सलग थर राहतो आणि त्यातून बोट फिरवले तर रेघ तशीच टिकते, अशी ती अवस्था आहे.

या अवस्थेसाठी मराठीत ‘मिळून येणे’ हे क्रियापद आहे. रस्सा मिळून आला म्हणजे पाणी एकीकडे आणि गाळ दुसरीकडे अशी गत राहिली नाही, सगळे एकजीव झाले. इटालियन स्वयंपाकात याच शेवटच्या कृतीला ‘मांतेकारे’ म्हणतात. त्या शब्दाच्या मुळाशी स्पॅनिश ‘मांतेका’ म्हणजे चरबी किंवा लोणी हा शब्द आहे. त्यांनी क्रियेला स्निग्ध पदार्थावरून नाव दिले, आपण तिच्या परिणामावरून दिले. ‘मलईदार’ म्हटल्याने पदार्थ कसा दिसतो ते कळते. ‘मिळून येईपर्यंत ढवळा’ म्हटल्याने कुठे थांबायचे ते कळते. म्हणून पाककृतीच्या नावात ‘दाटसर’ किंवा ‘मऊसूत’ आणि कृतीत ‘मिळून येणे’ अशी विभागणी मी करते आहे.

प्रतिसाद २

‘मिळून येणे’ आवडले. त्याच्या उलट अवस्थेला आपण काय म्हणाल? चीज घातल्यावर सॉसमधून तेल सुटते आणि खाली बारीक कण राहतात. आमच्या घरी त्याला ‘सॉस नासला’ म्हणतात. तसेच ‘रिड्यूस’साठी ‘आटवणे’ असताना आपण ‘आळणे’ का लिहिले? आणि पास्ता दाताला किंचित टणक लागावा, याला मी ‘बोटचेपा’ शब्द सुचवते.

मूळ लेखिकेचे उत्तर

‘नासला’ म्हटले की पदार्थ खाण्याजोगा राहिला नाही असा निष्कर्ष निघतो आणि कोणी तो टाकूनही देईल. इथे बिघाड फक्त बांधणीत झालेला असतो. फार आच लागली की चीजमधली प्रथिने आकसतात आणि धरून ठेवलेली चरबी बाहेर सोडतात. म्हणून ‘सॉस फुटला’ म्हणावे. फुटलेला सॉस बऱ्याचदा आच बंद करून, डावभर गरम पास्त्याचे पाणी घालून जोरात घोटल्यास पुन्हा मिळून येतो. तयार प्रक्रिया केलेल्या चीजमध्ये चरबी आणि पाणी बांधून ठेवणारे क्षार असतात, त्यामुळे ते सहसा फुटत नाही. मुरवलेले जुने चीज मात्र लवकर फुटते.

‘आटणे’ आणि ‘आळणे’ यांत मी जाणूनबुजून फरक करते. आटते ते पाणी, आणि त्याने पदार्थाचे माप कमी होते. आळते तो पदार्थ, आणि त्याला घट्टपणा येतो. मैदा घातलेले दूध फारसे न आटताही आळते, कारण उष्णतेने स्टार्चचे कण पाणी शोषून फुगतात. ‘आटवा’ असे लिहिले तर वाचक ते दहा मिनिटे अधिक उकळत ठेवील आणि त्याची खळ होईल. गॅसवरून उतरवल्यावरही हा सॉस आळत राहतो, म्हणून तो हवा त्यापेक्षा जरा सैल असतानाच उतरवावा. लिहिताना आणि मुद्रिते तपासताना एक काळजी घ्यावी : ‘आळणे’ आणि ‘अळणी’ यांची गल्लत होऊ देऊ नये. पास्त्याचे पाणी अळणी मुळीच असू नये. लिटरमागे साधारण १० ग्रॅम मीठ हवे, कारण पास्त्याला आतून चव लागण्याची संधी तेवढीच असते.

‘बोटचेपा’ शब्दावर मी बराच विचार केला. तो जुना आणि चांगला आहे, पण ‘बोटचेपे धोरण’ या प्रयोगामुळे त्याला आता कचखाऊपणाचा वास लागला आहे. शिवाय त्यात परीक्षा बोटाची आहे, आणि इटालियन ‘अल देंते’ म्हणजे ‘दाताला’. तिथे परीक्षा दाताची आहे. ‘कणी ठेवून शिजवा’ हा दुसरा पर्याय मी लिहून पाहिला. पेनेची नळी मधोमध तोडली की तिच्या भिंतीत एक पांढरट, कोरडी रेघ दिसते. तीच ही कणी, तेव्हा शब्द अगदी चपखल बसतो. मात्र ती सॉसमध्ये घालण्याच्या क्षणापुरती राहावी, ताटात येईपर्यंत नाहीशी व्हावी. म्हणून पाकिटावरील वेळेपेक्षा दोन मिनिटे आधी, कणी असतानाच पास्ता उपसायचा, आणि सॉसमध्ये तो दाताखाली लागेल इतपत शिजू द्यायचा. अशा रीतीने दोन्ही प्रयोग कामी आले.

प्रतिसाद १

‘मिळून येणे’ मला पटले. ‘मलईदार’ मी मागे घेतो. ‘टॉस’चे काय ठरले?

मूळ लेखिकेचे उत्तर

‘घोळवणे’. ‘माखणे’ही चालले असते, पण माखताना हात किंवा चमचा लेप देतो आणि पदार्थ जागचा हलत नाही. घोळवताना पदार्थच उलटापालटा होतो आणि त्याला सगळीकडून लेप बसतो. रेघा असलेल्या नळ्या घेतल्या तर तो लेप त्या खाचांत धरून राहतो. पावाचा कुरकुरीतपणा मात्र पास्त्यातून निघून जातो, त्यासाठी शिळ्या पावाचा चुरा लोण्यात खरपूस परतून अगदी वाढताना वरून भुरभुरायचा. ‘टॉपिंग’ हा शब्द मी गाळला, कारण ‘भुरभुरणे’ म्हटल्यावर तो चुरा वरूनच पडतो.

इंग्रजीत ज्याला कामाच्या दिवसाची रात्र म्हणतात, त्याचे ‘आठवड्याच्या रात्रीचा पास्ता’ असे शब्दशः भाषांतर मी पहिल्या खर्ड्यात करून बसले होते. त्यातून काहीच बोध होत नाही. ‘एरवीच्या रात्रीचे जेवण’ असे आता लिहिले आहे. कृतीचा मुख्य भाग सध्या असा आहे :

‘मांसाचे काप मोठ्या आचेवर खरपूस परतून बाजूला काढावेत. त्याच भांड्यात कांदा आणि भोपळी मिरची मऊ होईपर्यंत परतावी. मैदा घातलेले दूध वेगळ्या पातेल्यात आळले की उतरवावे, त्यात किसलेले चीज मुठीमुठीने घालावे आणि एक मूठ पूर्ण वितळल्याशिवाय दुसरी घालू नये. कणी असलेला पास्ता उपसून या सॉसमध्ये घोळवावा, काप, कांदा आणि मिरची घालावी, आणि अगदी मंद आचेवर डावाडावाने पास्त्याचे पाणी घालत सॉस मिळून येईपर्यंत हलवावे.’

यातील ‘मुठीमुठीने’ आणि ‘डावाडावाने’ ही मापे कोणाला सैल वाटत असतील तर तसे सांगावे. ग्रॅम आणि मिलिलिटर मी साहित्याच्या यादीत दिलेलेच आहेत.