विषय: वरचं दूध सुरू केलं, आता अंगावरचं आटेल का?

नमस्कार मंडळी,

बाळ सहा दिवसांचं. जन्मतः ३२०० ग्रॅम, काल २८६०. डॉक्टर म्हणाल्या, दहा टक्क्यांहून जास्त उतरलंय, दर वेळी पाजून झालं की ३० मिली फॉर्म्युला द्या. दिला, तर पठ्ठ्या चार तास झोपला! आई पुण्याहून व्हिडिओवर म्हणते, "वरचं दिलंस की अंगावरचं गेलंच." सासूबाई म्हणतात, मधाचं बोट चाटव. काय करू?

– नवी बाळंतीण, एडिसन (न्यू जर्सी, अमेरिका)

----

अगं, आधी मधाचं: वर्षाच्या आत अजिबात नको, बोट्युलिझमची, म्हणजे जिवावर बेतू शकणाऱ्या विषबाधेची, भीती असते.

आईचं अर्धं खरं आहे. जितकं निघेल तितकं बनतं. बाटलीने भागलं की छातीला त्याची खबरच लागत नाही. म्हणून वरचं दिलंस की लगेच पंप लाव, १०-१५ मिनिटं. दिवसरात्र मिळून आठ वेळा तरी दूध निघायला हवं, रात्रीचं चुकवू नको. निघेल ते आधी पाज, कमी पडेल तेवढंच फॉर्म्युल्याने भर. माझ्या थोरल्याच्या वेळी बाटलीच्या तळाशी नुसता पिवळा ओघळ असायचा. तोसुद्धा मी सिरिंजने ओढून त्याच्या गालात सोडायची. सिझर झालेलं, पान्हा फुटायला पाचवा दिवस उजाडला. तोवर हट्टाने वरचं दिलं नाही, आणि पोराला काविळीसाठी दिव्याखाली ठेवावं लागलं. तेव्हा तू दिलंस ते योग्यच केलंस.

फॉर्म्युल्याची पावडर निर्जंतुक नसते. ७० अंश सेल्सियसच्या पाण्यात कालवून मग निववायची, नाहीतर पहिले काही आठवडे तयार पातळ फॉर्म्युला घे. चार तास झोपू देऊ नकोस, तिसऱ्या तासाला दुपटं सोडून उठव. दिवसाला सहा ओले डायपर आणि पिवळी शी दिसली की पोटात जातंय समज. पण वरचं कमी करायचं ते वजन बघून, डॉक्टरांना विचारून.

– काकू

----

काकू, आज पहाटे दोन्हीकडचं मिळून १८ मिली निघालं! नवऱ्याने बाटलीचा फोटो काढून आईला पाठवला. वजन सोमवारी.

----

छान. शनिवारी हळिवाचे लाडू घेऊन येते. दूध वाढो न वाढो, पहाटे तीनला पंप लावून बसलं की भूक फार लागते.