बचत गटातल्या ताई हिशेब आला की गप्प का होतात?

गावाकडची:
नमस्कार मंडळी, मी तालुक्यात बचत गटाच्या बायकांना धंद्याचं मार्गदर्शन करते, बहुतेक जणी पस्तिशी-चाळिशीच्या पुढच्या. एक ताई कांदा लसूण मसाला एक नंबर करतात पण किलोला किती पडतो ते काढायला बसलो की "तुम्हीच लिहा मॅडम" आणि पुढच्या बैठकीला गायब. पीएमएफएमईमधून (छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना) मशीनला ३५ टक्के अनुदान मिळतं म्हटलं तर अजूनच आक्रसल्या. डोकं नाही असं नाहीये, भिशीत कोणाचे किती बाकी सगळं तोंडपाठ. काय करावं?

डंकवाली:
अहो ३५ टक्के तुम्हाला ऐकू येतं, त्यांना उरलेलं कर्ज ऐकू येतं. ते अनुदान बँकेच्या कर्जाशिवाय नाहीच, वर दहा टक्के तरी स्वतःचे घालायचे, म्हणजे घरी विचारणं आलं. नवरा, सासू काय म्हणतील हे चारचौघीत कोण बोलेल? एकटीला गाठा, चहा घ्या, योजनेचं नावच काढू नका.

माणगंगा:
लिहिण्याची लाज पण असू शकते. आमच्या म्हसवडला चेतना गाला सिन्हांनी महिला बँक काढायला घेतली तेव्हा रिझर्व्ह बँकेने पहिला अर्ज नाकारला, का तर बऱ्याच सभासद अंगठेबहाद्दर. बायका सही शिकल्या आणि परत जाऊन साहेबांना म्हणाल्या, कुठलीही रक्कम सांगा, आम्ही तोंडी व्याज काढतो, तुम्ही कॅल्क्युलेटरवर काढा. १९९७ ला बँक झाली. तेव्हा पेन बाजूला ठेवा आधी, तोंडी विचारा.

खडूस काका:
भावना वगैरे ठीक आहे हो पण हिशेब टाळून धंदा होत नाही. मिरची, खोबरं, तेल, कांडप धरतात आणि स्वतःची मजुरी शून्य, मग स्वस्त विकून दमतात. हे कधीतरी तोंडावर सांगावंच लागेल.

गावाकडची:
काका मुद्दा पटला, पण मजुरी म्हटलं की हसतात, "घरच्या कामाची कसली मजुरी".

डंकवाली:
मजुरी म्हणूच नका. एवढंच विचारा, हेच भाजायचं निवडायचं काम शेजारणीला दिलं तर तिला किती द्याल? आमच्याकडे यावर आकडा लगेच येतो, आणि बऱ्यापैकी मोठा येतो 😄