शिकार केलेला प्राणी ‘ट्रॉफी’ नेमका कधी होतो?

मलप्रभाकाठ (खानापूर) :

नमस्कार. खानापूर तालुक्यातल्या आमच्या जुन्या घराच्या सोप्यात गव्याचे एक मुंडके भिंतीवर आहे. आजोबांनी १९५४ साली, म्हणजे बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात असताना, रीतसर परवाना काढून तो गवा मारला आणि मुंडके भरण्यासाठी म्हैसूरला व्हॅन इंगेन यांच्या कारखान्यात पाठवले. पुढे वन्यजीव कायदा आल्यावर त्यांनी त्याची नोंद करून मालकीचा दाखलाही घेतला. गवा पडला मुंबई राज्यात, भरला गेला म्हैसूर राज्यात आणि दाखला मिळाला कर्नाटकाचा, असे आमच्या घरात गमतीने म्हटले जाते.

सध्या वडिलांच्या पश्चात घराची वाटणी चालू आहे आणि यादीत ‘गव्याची ट्रॉफी, एक’ असे लिहिलेले पाहून भाच्याने एक प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर मला देता आले नाही. आजोबांच्याच काळात गोठ्याच्या आढ्याला रानडुकरांचे सात-आठ जबडे टांगलेले होते. तेही त्यांनीच मारलेले. मग त्यांना कोणी ट्रॉफी का म्हणत नव्हते? आकारामुळे, धोक्यामुळे, की केवळ भुसा भरून भिंतीवर लावले म्हणून? जाणकारांनी सांगावे.

जुना_नेमबाज (बेळगाव) :

आपल्या आजोबांच्या पिढीतल्या परवानाधारक शिकाऱ्याला विचारले असते तर त्याने एका शब्दात सांगितले असते : टेप. लंडनच्या रोलंड वॉर्ड यांनी १८९२ मध्ये शिकारीच्या विक्रमांची नोंदवही प्रथम छापली आणि तेव्हापासून ‘मोठा प्राणी’ या बोलण्याला इंचांचा हिशेब आला. गव्याच्या बाबतीत शिंगांची लांबी, बुंध्याचा घेर आणि दोन शिंगांमधला पसारा पाहिला जाई. वाघ मोजण्याचे तर दोन पंथच होते. एका पंथात नाकाशी एक आणि शेपटीच्या टोकाशी एक खुंटी ठोकून मधले सरळ अंतर धरत. दुसऱ्यात टेप पाठीच्या वळणावरून फिरवत, त्यामुळे तोच वाघ काही इंचांनी वाढत असे. कोणाचा वाघ किती फुटी हे ऐकताना तो खुंट्यांमधला की वळणावरचा, हे आधी विचारावे लागे, आणि पुष्कळांना तो प्रश्न आवडत नसे.

अमेरिकेतील बून अँड क्रॉकेट क्लबाच्या पद्धतीत शिंगे साठ दिवस वाळल्याखेरीज अधिकृत मोजमाप होत नाही, कारण ओली शिंगे वाळताना आक्रसतात. म्हणजे शिकारीच्या दिवशी ती ट्रॉफी नसतेच. दोन महिन्यांनी ती ठरते. माझ्या मते आकाराइतकेच वयही महत्त्वाचे होते. कळपापासून सुटलेला, शिंगांच्या बुंध्याशी खरखरीत वळ्या पडलेला आणि टोके झिजलेला म्हातारा नर हीच खरी ट्रॉफी. मादीलाही शिंगे असतात, पण ती भिंतीवर लावण्यात कोणी मोठेपणा मानत नसे. डुकराचे सुळेदेखील मोजून जपणारे होते. आपल्या आजोबांनी जबडे मोजले नाहीत, इतकाच त्याचा अर्थ.

जाता जाता : कोल्हापूर संस्थानात पाळलेल्या चित्त्यांकडून काळवीट धरवत असत. त्या काळविटाची शिंगे कोणाची ट्रॉफी म्हणायची, चित्त्याची, चित्तेवानाची की महाराजांची, यावर आमच्या कट्ट्यावर एक अख्खी संध्याकाळ गेली आहे.

वकील_निपाणीकर :

वरील उत्तर शिकाऱ्याच्या दृष्टीने ठीक आहे, परंतु आपल्या वाटणीच्या कागदावर जो शब्द आहे त्याचा अर्थ टेप ठरवत नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २ मध्ये ‘ट्रॉफी’ची व्याख्या आहे आणि तिच्यात आकार, धोका, शौर्य यांपैकी काहीच नाही. वन्य प्राण्याचा संपूर्ण देह किंवा कोणताही भाग, जो कृत्रिम वा नैसर्गिक रीतीने राखला किंवा जतन केला आहे, तो ट्रॉफी. कातडे, शिंग, हाड, नख, दात, पीस, अंडे, इतकेच काय, मधाचे पोळेही त्यात येऊ शकते. प्राणी कोणी मारला, किंवा मुळात मारला का, हा प्रश्नही व्याख्येत नाही. सांबराची शिंगे दरवर्षी गळतात. भीमगडच्या रानात आपोआप पडलेले शिंग कोणी उचलून घरी ठेवले तर गोळी न झाडताही त्याच्या घरात ट्रॉफी आली. याउलट गव्याचे शिंग कधी गळत नाही, त्यामुळे ते पाहिल्यावर जनावर मेले असणार एवढे तरी नक्की कळते.

तेव्हा गोठ्यातले जबडेसुद्धा कायद्याच्या दृष्टीने ट्रॉफीच होते. लोकांना हे पटत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये कर्नाटकात गळ्यातल्या वाघनखावरून अटक झाली तेव्हा कुठे अनेकांनी घरातले दागिने उघडून पाहिले.

आपल्याला व्यावहारिक सल्ला असा की दाखला आजोबांच्या नावे असल्यास वारसाने मिळाल्यापासून नव्वद दिवसांत वनखात्याकडे वारसांचे प्रतिज्ञापन करावे लागते, आणि ही मुदत वाटणीच्या तारखेपासून नव्हे, तर वारसा आल्यापासून धरावी. दाखला असला तरी विक्री चालत नाही. म्हणून वाटणीत त्याची किंमत धरून दुसऱ्या भावाला पैसे देण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. कोणालाच ते नको असेल तर २०२२ च्या दुरुस्तीने दाखलाधारकाला आगाऊ सूचना देऊन वस्तू सरकारजमा करण्याची सोय आहे. मोबदला मात्र मिळत नाही.

हाकेकरी (जांबोटी) :

मी शिकारी नव्हे; लहानपणी वडिलांबरोबर हाक्याला गेलेला माणूस आहे. वीस-पंचवीस जण डबे वाजवत रान उठवायचे आणि बारीवर, म्हणजे जनावर निसटायच्या वाटेवर, ठासणीची बंदूक घेऊन एक-दोघे बसायचे. डुक्कर पडले की जागीच वाटे पडत : ज्याची गोळी त्याला मुंडके आणि जादा वाटा, कुत्रेवाल्याला वेगळा, हाकेकऱ्यांना सारखा. मुंडक्याचा रस्सा झाल्यावर उरलेला जबडा आढ्याला अडकवायचा, तो केवळ हिशेब म्हणून.

त्यामुळे मला असे वाटते की ज्याला मटणाची गरज नाही, त्याच्याच घरी ट्रॉफी होते. वीस घरांत वाटल्या गेलेल्या जनावराची ट्रॉफी एकट्याच्या भिंतीवर कशी लागणार? आपल्या आजोबांच्या गव्यालाही कोणी तरी हाकून आणले असेल. त्या माणसांची नावे लाकडी फळीवर आहेत का, हे एकदा पाहावे.

मलप्रभाकाठ (खानापूर) :

सर्वांचे आभार. हाकेकरीदादा, फळीवर पांढऱ्या रंगात केवळ आजोबांची आद्याक्षरे आणि साल आहे.

आपले वाचून आज मुंडके भिंतीवरून खाली उतरवले. डावा काचेचा डोळा निखळला आहे आणि खोबणीतून आत पाहिले तर कागदाचा लगदा दिसतो. म्हणजे भुसा नव्हताच. गव्याची म्हणावीत अशी शिंगे आणि वरचे कातडे, बाकी सारे कारखान्याचे. टेप लावायची हिंमत झाली नाही, कारण उजव्या शिंगाचे टोक चार बोटे कापलेले निघाले. ते कोणी आणि कशासाठी कापले, हे घरात कोणालाच आठवत नाही.

वकीलसाहेबांचे उत्तर आईला वाचून दाखवले तेव्हा ती उठून देवघरात गेली आणि सहाणेशेजारची डबी घेऊन आली. तिच्यात अंगठ्याएवढा सांबरशिंगाचा तुकडा आहे, एका बाजूने उगाळून उगाळून गुळगुळीत झालेला; छातीत कफ झाला की आजी तो आम्हा सगळ्या नातवंडांना उगाळून लावत असे. गव्याला दाखला आहे, याला नाही. वडील जाऊन नव्वद दिवस व्हायला अजून सोळा दिवस आहेत. सोमवारी तालुक्याच्या वनकार्यालयात गव्याचे कागद घेऊन जाणार आहे; त्या डबीचे तिथे काय सांगायचे, हे, वकीलसाहेब, त्याआधी आपल्याशी फोनवर बोलता येईल का?