न्यायालयापुढे आणि नियामकांपुढे विज्ञान मांडायला विद्यार्थ्यांना कसे शिकवावे?

प्रश्न:
पदव्युत्तर रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभे राहता यावे, यासाठी मी एक छोटा अभ्यासक्रम आखत आहे. सरावात एका हुशार विद्यार्थिनीने पिण्याच्या पाण्यातील शिसे ‘मर्यादेपेक्षा जास्त’ असल्याचे ठामपणे लिहिले. मोजमाप लिटरमागे १०.४ मायक्रोग्रॅम होते, अनिश्चितता ±०.८ आणि मर्यादा १०. अनिश्चितता तिने अचूक काढली होती, पण ‘वाचणाऱ्याचा गोंधळ होईल’ म्हणून अहवालातून गाळली. ही सवय कशी मोडावी?

उत्तर १:
तिला आधी नियम विचारायला शिकवा. आयएसओ १७०२५ या प्रयोगशाळांच्या मानकाच्या २०१७ च्या आवृत्तीनुसार, नमुना मर्यादेत बसतो की नाही हे सांगताना अनिश्चितता कशी धरली, तो निर्णयनियम नोंदवावा लागतो. नियम ठरलेला असेल, तर ±०.८ लिहिल्याने नियामकाचा गोंधळ होत नाही. उलट त्याला नेमके तेच हवे असते.

उत्तर २:
न्यायालयासाठी मी सॅली क्लार्क खटला शिकवतो. इंग्लंडमध्ये १९९९ साली दोन तान्ह्या मुलांच्या खुनाबद्दल या आईला दोषी ठरवले गेले. क्लार्क यांच्यासारख्या घरात एका बाळाच्या अकस्मात मृत्यूची शक्यता ८,५४३ मध्ये एक, असा आकडा घेऊन तज्ज्ञाने त्याचा वर्ग केला आणि ‘सुमारे ७ कोटी ३० लाखांत एक’ असे सांगितले. एकाच घरातले दोन मृत्यू परस्परांपासून स्वतंत्र असतात, हे गृहीतकच निराधार होते. शिवाय दुहेरी अकस्मात मृत्यू दुर्मीळ असणे म्हणजे आई निर्दोष असण्याची शक्यता तेवढीच कमी असणे नव्हे, कारण दुहेरी खूनही दुर्मीळच असतो. रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने २००१ मध्ये या आकड्यावर जाहीर आक्षेप घेतला. २००३ मध्ये शिक्षा रद्द झाली, तीही मुख्यतः बचाव पक्षाला न दाखवलेल्या जीवाणू-तपासणीमुळे. हे वाचताना आजही मन विषण्ण होते, आणि विद्यार्थ्यांनाही ते जाणवावे असे मला वाटते.

उत्तर ३:
लेखनाइतकाच उलटतपासणीचा सराव आवश्यक आहे. विधी शाखेच्या विद्यार्थ्यांना वकील म्हणून बोलवा आणि ‘होय की नाही, एवढेच सांगा’ हा प्रश्न त्यांना पुन्हा पुन्हा विचारू द्या. ‘मोजलेला आकडा मर्यादेच्या वर आहे, परंतु खरे प्रमाण मर्यादेखाली असण्याची शक्यता या मोजमापाने फेटाळता येत नाही’ हे वाक्य आवाज न चढवता, न अडखळता म्हणता येईपर्यंत आमचे विद्यार्थी साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरत नाहीत.