दहा हजार तास आणि पुन्हा शेवटचा नंबर

बरेच जण विचारतात की हजारो तास विमान उडवल्याचा अनुभव असलेला कॅप्टन नव्या एअरलाइनमध्ये गेला की थेट कॅप्टनच होणार ना? बऱ्याच ठिकाणी नाही हो. बहुतेक मोठ्या एअरलाइन्समध्ये सगळं सिनिऑरिटी लिस्टवर चालतं, आणि ती लिस्ट तुम्ही त्या कंपनीत कधी जॉइन झालात त्यावर, तुमचे उड्डाणाचे तास दहा हजार असोत नाहीतर दीड हजार. म्हणजे बेस (कुठल्या शहरातून उडायचं), सुट्ट्या, रोस्टर (ड्युटीचं वेळापत्रक), अपग्रेड (को-पायलटचा कॅप्टन होणं) सगळ्यात तुमचा नंबर शेवटी, आणि सणासुदीला स्टँडबायवर, म्हणजे बोलावलं तर जायच्या तयारीत, फोन उशाशी घेऊन बसायचं. काही कंपन्या बाहेरून आलेल्याला थेट कॅप्टन म्हणून, म्हणजे डायरेक्ट एंट्री कॅप्टन, घेतात, पण सहसा त्यांच्याकडे तयार कॅप्टन कमी असतील तेव्हाच.

मला विचाराल तर खरं अवघड असतं ते जुनं विसरणं. बोइंगवरून एअरबसवर आलात की टाइप रेटिंग (त्या प्रकारचं विमान उडवायची परवानगी) परत, समोरचं योक (स्टिअरिंगसारखा दांडा) जाऊन बाजूला साइडस्टिक (जॉयस्टिकसारखी छोटी काठी), आणि ऑटोथ्रस्ट (इंजिनाची पॉवर आपोआप सांभाळणारी यंत्रणा) चालू असताना पॉवरचे लिव्हर हलतच नाहीत, बोइंगमध्ये हलतात, त्यामुळे पॉवर किती आहे ते हाताला कळायची सवय मोडावी लागते. त्यात कॅप्टनच्या डाव्या सीटवरून को-पायलटच्या उजव्या सीटवर बसलात तर हातही उलटे! विमान तेच असलं तरी कॉलआउट (उडवताना एकमेकांना मोठ्याने सांगायची ठरलेली वाक्यं) वेगळे, आणि दमलेलं असताना तोंडातून हमखास जुन्या कंपनीचेच निघतात.

शिवाय लाइन ट्रेनिंगला (प्रवाशांच्या खऱ्या फ्लाइटवरचं प्रशिक्षण) शिकवणारा वयाने लहान असू शकतो. "आमच्याकडे असं करायचो" हे वाक्य तेवढं गिळायचं 😄