मदत हवी आहे : प्राणिसंग्रह बंद होण्यापूर्वी वडिलांना तेथे न्यायचे आहे

कोल्हापूर शहराबाहेर एका कुटुंबाने हौसेने सांभाळलेला मकाव, काकाकुवा, एमू आणि घोडे यांचा छोटा खाजगी संग्रह महिनाअखेरीस लोकांसाठी बंद होणार असल्याचे समजले. माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे असून, शाहू महाराजांच्या काळात काळविटांच्या शिकारीसाठी पाळलेले चित्ते आणि त्यांना सांभाळणारे चित्तेवान यांच्या हकिकती ते आजोबांकडून ऐकत वाढले. भारतातून चित्ता १९५२ मध्ये नामशेष झाल्याचे जाहीर झाले, तेव्हा ते अगदी लहान होते. प्राण्यांची ओढ मात्र आजही तशीच आहे. मागील भेटीत एका निळ्या-पिवळ्या मकावाने त्यांनी दिलेली शेंग पायात धरून फोडली आणि काळी, जाड जीभ फिरवून दाणा अलगद काढून घेतला. घरी आल्यावर ते आठवडाभर त्याबद्दलच बोलत होते.

त्यांना फार चालवत नाही, म्हणून विचारतो : अलीकडे कोणी तेथे गेले असल्यास, रिक्षा फाटकाच्या आत नेऊ देतात का, आणि आधी फोन करून वेळ ठरवावी लागते का? पक्षी सकाळी अधिक हालचाल करतात, त्यामुळे लवकर प्रवेश मिळाल्यास बरे होईल. शेंगा नेलेल्या चालतात की खाऊ घालण्यास आता मनाई आहे, हेही कृपया कळवावे. परदेशी पक्ष्यांची नोंदणी कायद्याने आवश्यक असल्याने हे पक्षी पुढे कोणाकडे सोपवले जातील, याची खात्रीशीर माहिती असल्यास तीही द्यावी. वडील पहिला प्रश्न तोच विचारतात.